आता बघून काय उपयोग?

मुलांनो, खरं सांगा हं. आपला संघ हरायला लागला, की तुमच्यापैकी किती जण चालू सामन्यातच टीव्ही बंद करतात? हात वर करा बघू! लाजू नका. माझाही हात वर आहे.

गोष्ट आहे २८ जुलै २०२१ ची. बुधवारची सकाळ. कोरोनामुळे तेव्हा शाळा बंद होत्या आणि आमचा चौथीचा वर्ग मोबाइलवर भरायचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुलींचा हॉकीचा तिसरा सामना ब्रिटनशी होता. तो आपण १-४ असा हरलो. त्याआधी नेदरलँड्सनं आपल्याला ५-१ आणि जर्मनीनं २-० असं हरवलेलं. तीन सामने, तीन पराभव, गुण शून्य!

सामना संपतो न संपतो तोच वर्गातल्या एका मुलाचा निरोप आला, "बाई, मी आता हॉकी बघणार नाही. आता बघून काय उपयोग?"

मी त्याला रागावणारच होते. पण शेवटची दहा मिनिटं मीही टीव्ही बंद करून पोळ्या लाटायला गेले होते. मग रागावणार कुठल्या तोंडानं?

आणि त्याचा राग काही खोटा नव्हता बरं का. १९८० नंतर थेट २०१६ मध्ये आपल्या मुली ऑलिंपिकला पोचल्या होत्या, आणि त्या वर्षी रिओमध्ये बारा संघांत बाराव्या आल्या होत्या. पुन्हा तेच बघायचं का, असं कुणालाही वाटेल. ज्याला संघाचं काहीच वाटत नाही, त्याला रागही येत नाही. तो खुशाल जेवतो आणि झोपतो.

मी त्या मुलाला लिहिलं, "राग राहू दे. आधी वही घे. हिशेब करू."

तुम्हीही करा. गटात सहा संघ होते. नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि आपण. प्रत्येकानं उरलेल्या पाचही जणांशी खेळायचं. जिंकलं की ३ गुण, बरोबरी झाली की १, हरलं की भोपळा. पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे शेवटच्या आठांत जाणार. त्यापुढे मात्र हरला तो बाद.

आता त्या दिवशीचे सगळे सामने संपल्यावरचे गुण लिहा. नेदरलँड्स ९, जर्मनी ९, ब्रिटन ६, आयर्लंड ३, आपण ० आणि दक्षिण आफ्रिका ०. वरचे तिघे लांब गेले होते. चौथी जागा मात्र अजून रिकामी होती! आणि आपले उरलेले दोन सामने कुणाशी? नेमके आयर्लंडशी आणि दक्षिण आफ्रिकेशी. म्हणजे दार बंद झालं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. कडी लागलेली नव्हती.

३० जुलैला आयर्लंडशी सामना झाला. हॉकीचा सामना साठ मिनिटांचा. आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळत होते, पण गोल काही होईना. छपन्न मिनिटं ०-०. सत्तावन्नाव्या मिनिटाला नवनीत कौरनं चेंडू जाळ्यात घातला. १-०! आमच्या त्या मुलानं मात्र हा सामना बघितलाच नाही. गोल झाल्याचं त्याला शेजारच्या घरातल्या ओरडण्यावरून कळलं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, दक्षिण आफ्रिका. हा सामना म्हणजे सापशिडी. आपण तीनदा आघाडी घेतली आणि त्यांनी तिन्ही वेळा बरोबरी केली. १-१, २-२, ३-३. शेवटी एकोणपन्नासाव्या मिनिटाला वंदना कटारियानं चौथा गोल केला आणि आपण ४-३ असे जिंकलो. चारांतले तीन गोल एकट्या वंदनाचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू.

झालं का काम? छे! आता आपले गुण ६ झाले, पण आयर्लंडचा एक सामना शिल्लक होता, ब्रिटनशी. आयर्लंड जिंकलं तर त्यांचेही ६ होणार. मग गोलफरक बघतात. म्हणजे केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करायचे. आपण सात केले होते आणि आपल्यावर चौदा झाले होते. उणे सात! आयर्लंडचा होता उणे पाच, आणि जिंकल्यावर तो आणखी सुधारणार. म्हणजे आयर्लंड जिंकलं की आपण बाहेर. बरोबरी झाली किंवा ते हरले, की आपण आत.

गंमत बघा! ज्या ब्रिटननं बुधवारी आपल्याला चार गोल मारले, त्याच ब्रिटनसाठी शनिवारी संध्याकाळी आपण देव पाण्यात घालून बसलो. ब्रिटन २-० असं जिंकलं आणि आपण चौथे आलो.

सोमवारी समोर होतं ऑस्ट्रेलिया, गटात एकही सामना न हरलेलं. बाविसाव्या मिनिटाला गुरजीत कौरनं पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि त्यानंतर गोलरक्षक सविता पुनिया भिंतीसारखी उभी राहिली. १-०. आपल्या मुली पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचल्या. बुधवारी ज्या संघाला आपण मोडीत काढलं होतं, तोच हा संघ.

इथं गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण पुढचं सांगायलाच हवं.

४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात अर्जेंटिनानं आपल्याला २-१ असं हरवलं. त्यानंतर हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदनाच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले आणि घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. संघात अशा जातीचे लोक घेतले म्हणून हरलो, असं ते म्हणाल्याची तक्रार घरच्यांनी पोलिसांत दिली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

चारच दिवसांपूर्वी जिनं तीन गोल केले, तिच्या घरासमोर हे! त्याच वर्षी मे महिन्यात वंदनाचे वडील वारले होते. ती तेव्हा बेंगळुरूच्या सराव शिबिरात होती आणि त्यांच्या अंत्यदर्शनालाही जाऊ शकली नव्हती.

६ ऑगस्टला ब्राँझपदकासाठी पुन्हा ब्रिटनशी सामना झाला. आपण ०-२ असे मागे होतो. गुरजीतनं दोन आणि वंदनानं एक गोल करून मध्यंतराला ३-२ अशी आघाडी मिळवून दिली. शेवटी ३-४ असे हरलो, पदक हुकलं. पण घरासमोर शिव्या ऐकाव्या लागल्या, त्याच घरची मुलगी दोन दिवसांनी देशासाठी गोल करत होती, हे विसरू नका.

राग येऊ द्यावा, मुलांनो. पण राग कशावर काढायचा, हे आधी ठरवावं. पेनल्टी कॉर्नर का वाया गेला, बचाव कुठं फुटला, पास कुणी चुकवला, यावर हवं तेवढं बोला. खेळाडूही आपसांत तेच बोलतात. पण राग खेळाडूच्या घरावर, रंगरूपावर, जातीवर गेला, की तो संघावरच्या प्रेमाचा राग राहत नाही. मनात आधीच साठवून ठेवलेली घाण बाहेर यायला पराभव हे नुसतं निमित्त होतं.

आणि हे लांब हरिद्वारलाच होतं असं समजू नका. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ एकदा हरून जीपनं परत येत होता. सगळ्यात आधी बाद झालेल्या मुलीला बाकीचे वाटभर बोलत होते. "तुझ्यामुळं हरलो" इथून सुरुवात झाली आणि गाडी तिच्या आईबापांपर्यंत गेली. मी पुढच्या सीटवर बसून होते. "मुलं आहेत, भांडतील आणि विसरतील" असं म्हणून गप्प राहिले. ती मुलगी पुन्हा खो-खोला आली नाही. ती चूक माझी होती.

आता तुम्ही विचाराल, "बाई, शेवटपर्यंत बघितलं की संघ जिंकतो का?" नाही हो! जानेवारी २०२४ मध्ये रांचीला पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. आठांतले तीन संघ पॅरिसला जाणार होते. उपांत्य सामन्यात आपण जर्मनीशी २-२ बरोबरी करून शूटआउटमध्ये हरलो. उरली तिसरी जागा. १९ जानेवारीला जपाननं सहाव्याच मिनिटाला गोल केला आणि उरलेल्या चोपन्न मिनिटांत आपल्याला एकही करता आला नाही. ०-१. पॅरिस हुकलं. या वेळी हिशेबाला वहीही लागली नाही.

त्या रात्री मला एक निरोप आला. तोच मुलगा, आता सहावीत गेलेला. "बाई, हरलो. पेनल्टी कॉर्नर वाया घालवले आपण. गुरजीतसारखी मारणारी अजून एक तयार करायला पाहिजे."

मी त्याला विचारलं, "शेवटपर्यंत बघितलास?"

"हो. तुम्ही?"

"मीही," मी लिहिलं. या वेळी पोळ्या आधीच लाटून ठेवल्या होत्या!

आता तुमच्यासाठी काम. शाळेच्या किंवा गल्लीतल्या पुढच्या स्पर्धेचा गुणतक्ता वहीत करा. रोज गुण आणि गोलफरक भरा आणि कुणाचं दार खरंच बंद झालंय, कुणाचं नुसतं लोटलेलं आहे, ते शोधा. आणि हरलेल्या संघातल्या एखाद्या खेळाडूला तुम्ही काय म्हणालात, तेही त्याच पानावर लिहा. खरं तेच लिहायचं हं!

तुमच्या बाई