तूट संस्थेने भरून काढावी

दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाचा १८ एप्रिल २०२० चा आदेश मी अजून जपून ठेवला आहे. टाळेबंदीला महिनाही झाला नव्हता. खासगी शाळांनी फक्त ट्यूशन फी घ्यावी, तीही महिन्याच्या महिन्याला. अ‍ॅन्युअल आणि डेव्हलपमेंट चार्जेस घेऊ नयेत. फी थकली म्हणून कोणाचा ऑनलाइन वर्ग तोडू नये. पालक म्हणून हे वाचलं तेव्हा हायसं वाटलं होतं, आणि आजही मला ती कलमं योग्यच वाटतात. पण त्याच आदेशात आणखी एक सूचना होती. शिक्षक-शिक्षकेतरांचा पगार थांबवू नका, कमीही करू नका; पैसे अपुरे पडले तर शाळा चालवणाऱ्या संस्थेने किंवा ट्रस्टने ते उभे करावेत.

महासाथीत राजधानीतल्या विनाअनुदानित शाळांच्या पगारांसाठी आपत्कालीन निधीचा नियम म्हणावा असं जे होतं, ते एवढंच. त्यात सरकारच्या तिजोरीतला रुपया नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला तेव्हा आठवीपर्यंतची एक शाळा होती. तिथल्या एक मॅडम आमच्याच इमारतीत राहायच्या. मे महिन्यात त्यांना अर्धा पगार मिळाला, जूनपासून काहीच नाही. मुलांचे वडील ई-रिक्षा चालवणारे, शिलाईच्या कारखान्यात काम करणारे; निम्मी कुटुंबं गावी निघून गेलेली. तिथली ‘संस्था’ म्हणजे एक निवृत्त मास्तर आणि त्यांचे भाऊ. त्यांनी तूट कशातून भरायची होती? मॅडम जिन्यावर बसून फोनवरून पाढे घ्यायच्या आणि संध्याकाळी शेजाऱ्यांसाठी डबे करायच्या. मी त्यांना रोज बघत होतो.

खासगी शाळा म्हटलं की आपल्यासमोर वातानुकूलित बस आणि घोड्यांचा तबेला येतो. सेंट्रल स्क्वेअर फाउंडेशनच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे देशातल्या खासगी शाळांत मुलं घालणारे सुमारे ७० टक्के पालक महिन्याला हजार रुपयांपेक्षा कमी फी भरत होते. दिल्लीत सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या राहिलेल्या, वर्षानुवर्षं डेव्हलपमेंट फी घेतलेल्या मोठ्या शाळांना ‘तुमच्या संस्थेकडून घ्या’ असं सांगणं रास्तच होतं. तेच वाक्य गल्लीतल्या शाळेला लावणं अन्यायाचं होतं. दोघींना एका मापाने मोजलं, इथे चूक झाली.

पुढचं भांडण कोर्टात गेलं आणि तिथेही ते पालक विरुद्ध शाळा एवढंच राहिलं. राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी म्हटलं की बंद शाळांचा वीज, पाणी, देखभालीचा खर्च वाचला, म्हणून २०२०-२१ ची फी १५ टक्क्यांनी कमी करा. त्याच धर्तीवर ३१ मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने संचालनालयाची चार्जेसवरची बंदी रद्द केली आणि १५ टक्के वजावट ठेवली. यमुनेपलीकडे नोएडा-गाझियाबादच्या पालकांना अशाच १५ टक्क्यांसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या आदेशापर्यंत थांबावं लागलं. या सगळ्यात सरकार पंचाच्या खुर्चीवर बसून राहिलं. त्याच्या खिशाकडे कोणी बोट दाखवलं नाही.

मे २०२० मध्ये केंद्राने उद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमीकर्ज योजना आणली. तिचं सूत्र होतं, आधीच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के. ज्या शाळेने कधी बँकेची पायरीच चढली नाही, तिला शून्याचे २० टक्के. महाराष्ट्रात तर उलटंच घडलं: शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) मोफत प्रवेश मिळालेल्या मुलांमागे शाळांना मिळणारी वार्षिक १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती करोनाच्या दोन वर्षांसाठी ८,००० वर आणली गेली.

अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये बिगरसरकारी शाळांसाठी २७५ कोटी डॉलर वेगळे काढले. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना प्राधान्य, पैशाचा ताबा सरकारी यंत्रणेकडे, विकत घेतलेल्या वस्तूही सरकारच्या मालकीच्या, आणि पगारांसाठीचं सरकारी हमीचं वेगळं कर्ज नव्याने घेणाऱ्या शाळेला हा लाभ नाही. त्या देशाची सगळी धोरणं मला पटतात असं नाही. पण मदत देऊनही लगाम हातात ठेवता येतो, हे तिथे नियमात लिहिलेलं होतं.

आपल्याकडे तशी वाट नव्हती असंही नाही. दिल्ली सरकार अनुदानित शाळांच्या पगाराचे ९५ टक्के दर महिन्याला देतं; पहाडगंजची नूतन मराठी शाळा त्यांतलीच. म्हणजे कर्मचाऱ्यांची यादी मागवणं, तपासणं, रक्कम सोडणं हे काम संचालनालयाला अंगवळणी पडलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विधानसभेने फी-नियमनाचा नवा कायदा केला. त्याचे नियम सुधारताना एक प्रकरण आणीबाणीसाठी हवं: शाळा सक्तीने बंद राहिल्यास ठरावीक मर्यादेपेक्षा कमी फी घेणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांचा किमान अर्धा पगार सरकारने थेट त्यांच्या खात्यात भरावा, आणि ज्या शाळेने आदल्या वर्षाचे तपासलेले हिशेब दिलेले नाहीत, तिच्या संचालकांकडून तो नंतर वसूल करावा. शिक्षकांची खाती मात्र आजच नोंदवून ठेवायला हवीत. पुढच्या टाळेबंदीत ती गोळा करायला वेळ मिळणार नाही.