राण्यांचं भांडण कुणाच्या सोयीचं?

दोन राण्या समोरासमोर आल्या की नाटक रंगतं, हे नाटककारांना पक्कं ठाऊक असतं. जर्मन नाटककार शिलरचं ‘मारिया स्टुअर्ट’ हे पद्यनाटक १८०० साली रंगमंचावर आलं. त्यातला सर्वात गाजलेला प्रवेश म्हणजे इंग्लंडची एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी यांची भेट. गंमत म्हणजे प्रत्यक्षात या दोघी कधी भेटल्याच नाहीत!

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी रायगडावरचा प्रवेश बसवायचा म्हटलं, की सोयराबाई म्हणजे आठ्या घातलेली सावत्र सासू आणि येसूबाई म्हणजे डोळ्याला पदर लावणारी सून. झालं! राज्याचा प्रश्न थेट स्वयंपाकघरात येऊन पडतो.

खरं तर १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात अण्णाजी दत्तोंसारखे मातब्बर मंत्री पुढे होते. उलट सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूला गेले. हे राजकारण होतं, बायकांची धुसफूस नव्हे. पण मंत्र्यांचा डाव विसरला जातो आणि ‘कैकेयी’चा शिक्का तेवढा बाईच्या कपाळी राहतो.

आणि पुढचा अंक? तो कुणी दाखवतच नाही. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली. मोगलांचा वेढा रायगडाला पडलेला. येसूबाईंचा मुलगा शाहू तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. तरीही त्यांनी पोटच्या पोराचा हट्ट धरला नाही. राजारामांना, म्हणजे सोयराबाईंच्याच मुलाला, पुढे केलं, गडाबाहेर काढलं आणि स्वतः मागे राहून गड लढवला. गड पडला, तेव्हा मायलेक कैदेत गेले. येसूबाई सुटल्या त्या थेट १७१९ मध्ये!

यापेक्षा मोठं नाट्य कोणतं हवं?

आपल्या खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीचंच बघा ना. १६६१ मध्ये तिथे कारतलबखान कोंडीत सापडला. त्याला शरण जाण्याचा शहाणा सल्ला दिला, तो त्याच्याच फौजेतल्या रायबागन या सरदार बाईने. पण तिचं कुणा बाईशी भांडण नाही ना, मग तिला नाटकात भूमिका कशी मिळणार?

तेव्हा बाईंनो, यंदा मुलींचं नाटक बसवाल, तेव्हा एवढं कराच. त्यांना भांडणाचे संवाद पाठ करायला देण्याऐवजी, एखादा निर्णय घ्यायला लावणारा प्रवेश द्या.