गव्हर्नरांची मुंबई आणि विस्मृतीत गेलेले मुंबईकर

मुंबईत ताडदेवला फोरजेट स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. हा फोरजेट कोण, असे तेथील दहा रहिवाशांना विचारले तर नऊ जण खांदे उडवतील. चार्ल्स फोरजेट हा १८५७ साली मुंबईच्या पोलिसांचा कर्ताधर्ता होता. सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या गृहस्थाच्या घरी देशी शिपाई रात्री जमतात आणि दिवाळीच्या सुमारास उठाव करण्याची खलबते करतात, अशी बातमी त्याच्या कानी आली. त्याने गंगाप्रसादला धाक घालून वश केले आणि भिंतीला पाडलेल्या छिद्रांतून ती बैठक स्वतः पाहिली, ऐकली. त्यानंतर १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानात, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. फोरजेटच्या नावाचा रस्ता झाला. त्या दोघांच्या नावाचे काय झाले?

दीडशे वर्षे काहीही झाले नाही. पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर एक लहानसे स्मारक उभे राहिले, ‘अमर जवान ज्योती’. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावरील मोर्चात घुसलेल्या समाजकंटकांनी लाथा मारून जे फोडले, ते हेच स्मारक! त्या लाथेचे छायाचित्र देशभर छापून आले. देश संतापला आणि तो संताप योग्यच होता. परंतु ते स्मारक १८५७ च्या एका हुसेनचे आणि एका मंगलचे आहे, हे लाथ मारणाऱ्याला ठाऊक नव्हते. आणि खेदाने म्हणावे लागते, संतापणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक होते. ज्या शहराला आपले हुतात्मे नावानिशी माहीत नाहीत, त्या शहराच्या इतिहासलेखनात काहीतरी मुळातच चुकले आहे.

काय चुकले आहे ते उघड आहे. मुंबईचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो गव्हर्नरांच्या नामावळीचा इतिहास आहे. ऑन्जियरने वखारीचे नगर केले, हॉर्नबीने बांध घातला, फ्रियरने तट पाडले, आणि या सगळ्यात एतद्देशीय माणूस कोठे होता? तर टोपली उचलत होता! दक्षिण मुंबईत हल्ली ‘हेरिटेज वॉक’ निघतात. गॉथिक कमानी, रंगीत काचा, दगडी माकडे यांवर तासभर निरूपण चालते. ज्यांच्या पैशावर, बुद्धीवर आणि घामावर त्या कमानी उभ्या राहिल्या त्यांच्यासाठी त्या तासात पाच मिनिटे निघाली तरी पुष्कळ. मेकॉलेचे मानसपुत्र हे विशेषण आता गुळगुळीत झाले आहे. पण ज्यांना आपल्याच शहराकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लागली, त्यांना दुसरे काय म्हणावे?

वास्तविक या शहराचा पहिला समग्र वृत्तांत मराठीत लिहिला गेला. मूळ गोमंतकातील गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. एडवर्ड्‌सचे ‘राइज ऑफ बॉम्बे’ १९०२ चे आणि सरकारी गॅझेटियर १९०९-१० चे. म्हणजे साहेबाने शहराचा इतिहास लिहायला घेण्यापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे एका मराठी शिक्षकाने बाजार, देवळे, तलाव, गिरण्या, जत्रा, जातीजमाती, दानशूर आणि लबाड अशा साऱ्यांसह ही नगरी कागदावर उतरवली होती. हे पुस्तक इंग्रजीत यायला २००८ साल उजाडावे लागले. एकशे पंचेचाळीस वर्षे! आणि ते इंग्रजीत आल्यावर इंग्रजी पत्रांना त्याचे अप्रूप वाटू लागले. माडगांवकर इंग्रजी राज्याची भरपूर स्तुतीही करतात, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या पिढीला ते राज्य ईश्वरी योजना वाटत होते. पण पाहणारी दृष्टी त्यांची स्वतःची होती, आणि मुद्दा तोच आहे.

नाना शंकरशेट यांच्याविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही, कारण निदान त्यांचे नाव तरी लोकांना ठाऊक आहे. पण तेही कसे? नाना चौकात बस थांबते म्हणून! जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे (१८०३-१८६५) हे केवळ धनिक दाते नव्हते. एल्फिन्स्टन विद्यालयापासून मुलींच्या शाळेपर्यंत मुंबईतील शिक्षणाच्या प्रत्येक उद्योगात त्यांचा हात होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी आगगाडी सुटली, तिच्यासाठी १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. काँग्रेस जन्माला येण्याआधी तेहतीस वर्षे पार्लमेंटकडे गाऱ्हाणे नेणारी संस्था ती. आणि याच नानांवर १८५७ साली बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला! फोरजेटने चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवले. सरकारला इतक्या उपयोगी पडलेल्या माणसाकडेही संकटकाळी राज्यकर्ते कोणत्या नजरेने पाहतात, याचा हा नमुना. ‘इंग्रजांनी आपल्याला सहकारी मानले’ असे म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

पण मुंबईने ज्याला पूर्णपणे पुसून टाकले, असा पुरुष वेगळाच आहे.

त्याच १८५७ सालच्या १५ जानेवारीस बॅकबेच्या वाळवंटावर एक तिशीतला संन्यस्त ब्राह्मण ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद करायला उभा राहिला. विष्णु भिकाजी गोखले ऊर्फ विष्णुबुवा ब्रह्मचारी. जन्म १८२५, कुलाबा जिल्ह्यातील शिरवली गावचा. पाच वर्षांचा असताना वडील गेले. महाडला वाण्याच्या दुकानात नोकरी, मग कस्टम खात्यात चाकरी, मग सारे सोडून सप्तशृंगीच्या डोंगरात तपाचरण. इंग्रजी शिक्षणाचा गंध नाही, पाठीशी संस्था नाही, सरकारी आश्रय तर नाहीच. समोर अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन यांच्यासारखे व्यासंगी पंडित. दर गुरुवारी सायंकाळी हा वाद चाले आणि तो ऐकण्यासाठी हजारोंचा समुदाय जमे. २८ मे रोजी तो थांबला. उत्तरेत मीरत आणि दिल्ली पेटली होती. किनाऱ्यावर इतकी माणसे जमणे आता सरकारला परवडणारे नव्हते.

हा प्रसंग किती मोठा होता हे समजायचे तर त्याआधीची पंचवीस वर्षे डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. १८३० पासून डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी हिंदू देवदेवतांची भर बाजारात टवाळी करीत होते. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी विल्सन यांच्याशी वाद केला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ नावाचे पुस्तक काढले. विल्सन यांनी त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. मोरभटांचे युक्तिवाद शास्त्रीपद्धतीचे होते, सामान्य माणसाच्या गळी उतरणारे नव्हते. विष्णुबुवा मात्र रोखठोक मराठीत बोलत आणि समोरच्याच्या धर्मग्रंथातले प्रश्न काढून समोरच्यालाच विचारीत. तोवर पराभूताची मान खाली घालून फिरणारा मुंबईचा हिंदू त्या वाळूत प्रथम ताठ उभा राहिला. स्वामी दयानंदांनी मुंबईत आर्य समाजाची स्थापना केली ती १० एप्रिल १८७५ ला, म्हणजे या प्रसंगानंतर अठरा वर्षांनी.

आता या वादाची नोंद कोणी ठेवली पहा. बोवेन यांनी आपल्या बाजूचा वृत्तांत त्याच साली इंग्रजीत छापून टाकला. आपला ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ निघाला १८७२ मध्ये, विष्णुबुवांच्या निधनानंतर. ते गेले १८७१ साली. आपण पंधरा वर्षे उशीर करायचा आणि मग इतिहास दुसऱ्याच्या कागदांवरून लिहिला जातो म्हणून गळा काढायचा, ही आपली जुनी रीत.

विष्णुबुवांना विसरण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याच घरातले आहे. हा माणूस कोणाच्याच चौकटीत मावत नाही. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ (१८५९) लिहिणारा हा वेदाभिमानी पुरुष वर्ण जन्मावरून नव्हे तर गुणकर्मावरून मानावा म्हणत होता. विधवाविवाहाला त्याची मान्यता होती. १८६७ साली, म्हणजे ज्या वर्षी जर्मनीत मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, त्याने ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सारे राष्ट्र हे एक कुटुंब, जमीन सर्वांची, धान्य सर्वांचे, मुलांच्या पालनपोषणाचा भार राज्यावर, अशी त्याची मांडणी. दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. या निबंधामुळे डाव्यांनी त्याला ‘आद्य मराठी साम्यवादी’ करून टाकले. करताना समुद्रकिनारा सोयीस्करपणे कापून टाकला. आणि आपल्यापैकी अनेकांनी समुद्रकिनारा ठेवला, निबंध मात्र झाकून ठेवला. दोघांनीही अर्धाच माणूस उचलला. वास्तविक मार्क्सचे नाव या गृहस्थाच्या कानावरही गेले नसणार. एकत्र कुटुंबाच्या चुलीवरून आणि वेदांतातील एकात्मभावावरून तो थेट समाजरचनेपर्यंत पोहोचला. वर्गसंघर्षावाचून समतेचा विचार या भूमीत स्वतंत्रपणे कसा उगवतो, याचे याहून सबळ उदाहरण आपल्याला कोठे मिळणार आहे? ते आपण झाकतो कशाला?

बाळशास्त्री जांभेकरांचेही आपण असेच केले. दर ६ जानेवारीला, ‘दर्पण’ १८३२ साली त्या दिवशी निघाले म्हणून, त्यांच्या तसबिरीला हार घातले जातात. त्या भाषणांत श्रीपत शेषाद्रीचे नाव मी एकदाही ऐकलेले नाही. १८४३ साली नारायण आणि श्रीपत शेषाद्री परळीकर हे दोघे भाऊ मिशनच्या घरी गेले. नारायणाने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे तो नामांकित पाद्री झाला. श्रीपत अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला, पण जातीने दार लावून घेतले, कारण त्याने मिशनऱ्यांचे अन्न खाल्ले होते! त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री उभे राहिले आणि कर्मठांचा सारा रोष त्यांनी अंगावर घेतला. मिशनऱ्यांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. जाणाऱ्याला जाऊ देणारे आणि येणाऱ्याला अडवणारे आपणच होतो, हे सांगणारा माणूस १८४३ मध्ये होता, आणि त्याला आपण केवळ ‘आद्य पत्रकार’ करून भिंतीवर टांगला.

मिशनच्या छापखान्यातच मिशनला उत्तर देणारे हात तयार झाले, ही या शहराची खरी गंमत. भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून शिकले, घरी स्वतः शिळाप्रेस बनवला, शाई बनवली आणि १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग छापले. छापील कागद विटाळाचा मानणाऱ्या मंडळींसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातल्याची हकिकत सांगतात. त्याच मिशन छापखान्यात पुढे दोन रुपये महिन्यावर खिळे घासायला राहिलेला एक गरीब पोरगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देखण्या अक्षरांत निर्णयसागरने संस्कृत काव्ये, नाटके, शास्त्रग्रंथ इतक्या शुद्धतेने छापले की युरोपातील प्राच्यविद्यापंडित त्या प्रती प्रमाण मानीत. जावजी संस्कृत पंडित नव्हते, शाळाही फार शिकले नव्हते. एका अल्पशिक्षित मराठा कारागिराने कालिदासाला जगभर पोहोचवले. ब्राह्मणांनी ज्ञान कोंडून ठेवले आणि इंग्रजांनी ते खुले केले, एवढीच गोष्ट घोकणाऱ्यांनी या माणसाला कोणत्या रकान्यात बसवायचे ते सांगावे.

येथे आपल्या मंडळींनाही एक सांगणे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे उत्साहाने सांगितली जाते. तळपदे खरे, त्यांचा ध्यासही खरा. पण उड्डाणाला समकालीन कागदाचा भक्कम आधार अद्याप कोणी पुढे आणलेला नाही. ज्या चौपाटीवर विष्णुबुवा हजारोंसमोर बोलले याला विरोधी पक्षाने छापलेले पुस्तकच साक्षी आहे, त्या चौपाटीवर आधार नसलेली कथा हवी कशाला? एक कच्चा दाखला दहा पक्के दाखले हास्यास्पद करून सोडतो.

पारशी समाजाने जमशेटजी जीजीभाईंपासून आपल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाची कागदपत्रे, चित्रे, पुतळे जपले. त्याचा हेवा करण्याचे कारण नाही. तसे आपण केले नाही, एवढेच कबूल करावे.

फलक बदलण्याला माझा विरोध नाही. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ साली प्रभादेवी झाले, बरे झाले. पण प्रभादेवीला उतरणाऱ्याच्या ज्ञानात त्याने काय भर पडली? मागण्या साध्या आहेत. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ आणि ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ यांची सटीप आवृत्ती राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढावी. आझाद मैदानाजवळच्या स्मारकासमोर १५ ऑक्टोबरला महापौरांनी दोन फुले वाहावीत आणि दोन्ही नावे मोठ्याने उच्चारावीत. आणि गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापासून थोड्या अंतरावर एक शिळा बसवावी. तिच्यावर एवढेच कोरावे : विष्णुबुवा ब्रह्मचारी, १५ जानेवारी ते २८ मे १८५७. वाटेने जाणारा कोणीतरी थांबून विचारेल, हे कोण? उत्तर देण्यासाठी गिरगावातील प्रत्येक वाचनालयात त्यांचे निदान एक पुस्तक असावे. ते आहे का, हे वाचकांनी या आठवड्यात आपापल्या वाचनालयात जाऊन पाहावे आणि आम्हाला कळवावे.