वडिलांचे गाणे

मैत्रिणींनो, माहेरची गरिबी आपण सासरी किती जपून झाकतो, नाही? अमेरिकेच्या लोरेटा लिनने मात्र त्याच गरिबीचे गाणे केले. केंटकीच्या डोंगरात आठ भावंडांत वाढलेली ही कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची लेक. १५व्या वर्षी लग्न झाले. पुढे नवऱ्याने गिटार आणून दिली, ती मुलेबाळे सांभाळून शिकली. तिचे ‘कोल मायनर्स डॉटर’ १९७० मध्ये कंट्री गाण्यांत पहिल्या क्रमांकावर गेले. पण वडील १९५९ मध्येच वारले होते. लेकीची पहिली तबकडी निघाली १९६० मध्ये!

माझे अण्णा ऊसतोडीला जात. मी सगळीकडे ‘शेती आहे’ एवढेच सांगत आले. हा मजकूर मात्र आधी अण्णांनाच फोनवर वाचून दाखवला. तुम्हीही उशीर करू नका बरं!