सीयूईटीचे विषय फॉर्मवर नाही, अकरावीतच ठरतात

गेल्या हंगामात आमच्याकडे एक विद्यार्थिनी आली. बारावी कॉमर्स, हुशार मुलगी, दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं मनात. फॉर्म सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेला. इंग्रजी, अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज, इकॉनॉमिक्स आणि जनरल टेस्ट असे पाचही पेपर तिने दिले, मार्कही चांगले आले. पण त्या कोर्सला गणिताचा पेपर लागतो. "सर, आता?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

चूक कॅफेवाल्याची, असं तिच्या अब्बूंचं म्हणणं. आम्हाला तसं वाटत नाही. ही चूक दोन वर्षं आधी, अकरावीच्या ॲडमिशनला झाली होती.

केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी सुरू झाली. 2025 मध्ये एकूण 37 पेपर होते : 13 भाषा, 23 विषय आणि एक जनरल टेस्ट. त्यातून जास्तीत जास्त पाच घ्यायचे. परीक्षा घेणारी एनटीए सांगते, बारावीला काहीही असो, कोणताही विषय निवडा. ऐकायला छान वाटतं. पण दिल्ली विद्यापीठ म्हणतं, बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर आम्ही धरू. म्हणजे "सायकॉलॉजी सोपं आहे म्हणे" म्हणून घेतलेला पेपर तिथे वाया. आणि आमच्या त्या मुलीने फॉर्मवर गणित टाकलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण बारावीला तिने गणित सोडून एसपी घेतलं होतं.

आपल्याकडे कॉमर्सला गणित की एसपी, हा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघतो. मुलगी असेल तर दोन मिनिटांत. "गणित कशाला, टक्केवारी घसरेल." हा सल्ला आम्ही शिक्षकही देतो, हे कबूल करायला हवं.

भाषेच्या बाबतीत उलटं होतं. उर्दू आणि मराठी दोन्ही त्या 13 भाषांत आहेत. बारावीला उर्दू घेतलेल्या मुलाने भाषा म्हणून उर्दूचा पेपर दिला, तर दिल्लीत बहुतेक ऑनर्स कोर्सना तो चालतो. इंग्रजी ऑनर्सला मात्र इंग्रजीच लागते. तरी घरचे धास्तीने इंग्रजी टाकतात. फॉर्मवर प्रश्नपत्रिकेचं माध्यम वेगळं विचारतात, त्याच्याशी गल्लत करू नका. पुस्तक इंग्रजीत वाचलं असेल तर माध्यम इंग्रजी ठेवा आणि भाषा उर्दू घ्या.

आणखी एक. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून पोरांना अंदाजे टिक मारायची सवय लागलेली असते. इथे 60 मिनिटांत 50 प्रश्न. बरोबर उत्तराला पाच मार्क, चुकीच्याला एक वजा.

जामिया आणि अलिगढचं गणित निराळं. तिथे काहीच कोर्स सीयूईटीवर असतात, बाकीच्यांसाठी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि वेगळा फॉर्म. सीयूईटी दिली म्हणजे जामियाचं काम झालं, असं समजून बसलेले पालक आम्हाला दरवर्षी भेटतात. यादी बदलत राहते, त्यामुळे मागच्या वर्षी शेजारच्या मुलाने काय भरलं होतं ते विचारू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक विद्यापीठाच्या साइटवरून काढा.

ती मुलगी आता गावातच बीकॉम करते आहे. धाकटा भाऊ यंदा दहावी झाला. परवा त्यांची अम्मी निकालपत्र घेऊन आल्या, आणि बसायच्या आधीच विचारलं, "सर, एसपी की गणित?"