रकान्याबाहेरचे प्रश्न

कचेरीत नव्याने रुजू झालेल्या माणसास पहिल्या आठवड्यातच जे प्रश्न विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचा त्याच्या कामाशी सुतराम संबंध नसतो. लग्न का लांबले, पाळणा अजून कसा हलला नाही, हातात किती पडतात, आणि आडनावावरून उलगडा न झाल्यास "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" या शेवटच्या प्रश्नात चौकशी गावाची नसून जातीची असते, हे विचारणारा व ऐकणारा दोघेही पुरते जाणतात. आपुलकीची सबब येथे नेहमी पुढे केली जाते, आणि ती सर्वस्वी खोटी असते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या हाती गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार आहे त्या वरिष्ठाचा प्रश्न, तो कितीही मृदू स्वरात आला तरी, हाताखालच्या माणसास हुकुमासारखाच वाटतो.

हा अतिप्रसंग एके काळी छापील कागदावरही होता. आयुर्विमा महामंडळाच्या नेमणुकीच्या प्रतिज्ञापत्रात स्त्री-उमेदवारांना मासिक पाळी नियमित आहे काय, पूर्वी किती वेळा गर्भधारणा झाली, असे विचारले जाई. त्यांपैकीच एक असलेल्या नीरा माथुर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली या रकान्यांबद्दल तीव्र नापसंती नोंदवून ते गाळण्यास महामंडळाला सांगितले. तथापि कागदावरून गेलेला प्रश्न तोंडी उरलाच. मुलाखतीस आलेल्या विवाहितेला "पुढचा काय विचार?" असे आजही विचारतात, आणि त्याचा अर्थ तिला फोड करून सांगावा लागत नाही.

असे प्रश्न परतवावेत, पण खोटे सांगून सुटका करून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तीच माणसे रोज भेटतात आणि सांगितलेले लक्षात ठेवणे हे दुसरेच काम होऊन बसते. "ते घरातले आहे, घरातच राहू द्या, ही नस्ती पाहता का?" एवढे प्रसन्नपणे म्हणून थांबावे, कारणे देऊ लागले की प्रत्येक कारण नव्या प्रश्नाला वाट करून देते. पुन्हा विचारणा झालीच, तर एकांतात "साहेब, हे विचारलेले मला रुचत नाही" असे सांगण्यात कसलीही बेअदबी नाही. लैंगिक अर्थाचा प्रश्न मात्र सौजन्याने परतविण्याचा विषयच नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यान्वये दहा वा अधिक माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि पीडित स्त्रीला तेथे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार दाखल करता येते.

माझी अधिक अपेक्षा आहे ती शेजारी डबा उघडून बसलेल्या, सारे ऐकूनही मान खाली घालणाऱ्या सहकाऱ्यांकडून. "राहू द्या हो, त्यांना जेवू द्या" एवढे एखाद्या जुन्या हेडक्लार्कने म्हटले, तरी नव्या माणसावर नकार देण्याची वेळ येत नाही. आणि ते म्हणण्यास हेडक्लार्कला कोणाची मंजुरी लागत नाही.

— दफ्तरदार