राखीव क्वार्टरबॅक कसा असावा?

घरातील कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला म्हणजे त्याच्या जागी कोण उभे राहते, यावरून त्या घराची पारख होते, असे आपले वडीलधारे म्हणत असत. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, त्यातही संघाची पारख पुष्कळदा अशीच होते. आणि हा मागे उभा राहणारा माणूस कसा निवडावा, हा तेथे मोठ्या विचाराचा विषय होऊन बसला आहे. आमच्या वाचकांपैकी काहींची मुले-नातवंडे त्या देशात नोकरीनिमित्त राहतात व सुट्टीत घरी आली म्हणजे त्या खेळाच्या गोष्टी सांगतात. तेव्हा या आठवड्यात त्या विषयाकडे वळण्यास प्रत्यवाय नसावा.

या फुटबॉलचा आपल्या गावच्या मैदानावरील फुटबॉलशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हाताने फेकतात, उराशी धरून धावतात. लाथ मारण्याचा प्रसंग त्या मानाने थोडा. प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या संघाने ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे, न सरकल्यास चेंडू गमवावा, असा नियम आहे. या चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा, की आपणच घेऊन धावायचे, हे त्याला दोनतीन सेकंदांत ठरवावे लागते, आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याला लोळविण्यासाठी धावून येत असतात. त्याला इजा होणे ही नित्याची बाब आहे. म्हणून प्रत्येक संघ एक राखीव क्वार्टरबॅक बाळगतो.

आपल्याकडे क्रिकेटमधील बारावा गडी हा पाणी नेणारा म्हणून थट्टेचा विषय होतो. तो क्षेत्ररक्षणास उतरतो, परंतु दुसऱ्याच्या जागी बॅट हाती घेण्याचा अधिकार त्याला सहसा नसतो. राखीव क्वार्टरबॅकचे तसे नाही. तो मैदानात उतरला की सारा अधिकार व सारी जबाबदारी तत्क्षणी त्याची होते. असा माणूस हाताशी नसला तर काय होते, हे २०२३ च्या जानेवारीत सान फ्रान्सिस्कोच्या संघाने अनुभवले. अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर त्यांच्या क्वार्टरबॅकचे कोपर दुखावले. जो राखीव होता त्याच्याही डोक्यास मार बसला. शेवटी ज्याला चेंडू धड फेकता येत नव्हता त्या पहिल्यालाच पुन्हा उभे करावे लागले. फिलाडेल्फियाच्या संघाने तो सामना ३१-७ असा जिंकला. त्याच वर्षी लीगने नियम केला, की आधीचे दोघेही निकामी झाल्यास उतरविता यावा असा तिसरा क्वार्टरबॅक संघाने सज्ज ठेवण्यास हरकत नाही.

मग या माणसात पाहावे काय? पुष्कळांस वाटते, की ज्याचा हात बळकट व चेंडू लांब जातो तो घ्यावा. बळ हवेच, परंतु जाणते प्रशिक्षक प्रथम पाहतात ती त्याची तयारी. आठवड्याच्या सरावात बहुतेक सारी पाळी मुख्य खेळाडूला मिळते. राखीव गड्याच्या वाट्याला येते ते निराळेच काम: पुढील सामन्यातील प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देणे. याशिवाय त्याने प्रत्येक डाव तोंडपाठ करावा, जुन्या सामन्यांचे चित्रपट पाहावेत, आणि सामन्याच्या दिवशी कडेला उभे राहून दिसेल ते आपल्या सहकाऱ्याच्या कानी घालावे. आपली पाळी येईल याची खात्री नसता, ती येणारच आहे असे समजून रोज अभ्यास करणे, ही त्याची पहिली कसोटी. ज्याला कोणी पाहत असल्याशिवाय काम सुचत नाही, तो या जागी टिकत नाही.

दुसरी कसोटी म्हणजे अपयशानंतर उभे राहण्याची शक्ती. अर्ल मोरॉल नावाच्या खेळाडूचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. १९६८ मध्ये बाल्टिमोरचा विख्यात क्वार्टरबॅक जॉनी युनायटस जायबंदी झाला व मोरॉल त्याच्या जागी आला. त्याने १४ पैकी १३ सामने जिंकून दिले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव मिळविला. परंतु १९६९ च्या जानेवारीतील अंतिम सामन्यात त्याने फेकलेले ३ चेंडू प्रतिपक्षाने मधल्या मध्ये झेलले आणि संघ ७-१६ असा हरला. एका वेळी तर त्याचा एक गडी अगदी मोकळा उभा असता तो त्याच्या दृष्टीसच पडला नाही. दुसरा एखादा या आघाताने खचला असता. मोरॉल पुन्हा निमूटपणे युनायटसच्या मागे उभा राहिला. दोन वर्षांनी, १९७१ च्या जानेवारीत, अंतिम सामन्यातच युनायटसला मार बसला. मोरॉल उतरला, आणि बाल्टिमोर १६-१३ असे जिंकले. अवघे काही सेकंद उरले असता ज्या लाथेने विजयाचे गुण मिळाले, त्या लाथेसाठी चेंडू जमिनीवर धरून बसलेला खेळाडूही मोरॉलच होता.

१९७२ मध्ये मायामी संघाचे प्रशिक्षक डॉन शुला यांनी त्याला आपल्याकडे घेतले, ते केवळ १०० डॉलर भरून. बाल्टिमोरला तो पराभव झाला तेव्हाही शुलाच त्याचे प्रशिक्षक होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शुला हे येशूसंघीयांच्या विद्यापीठात शिकलेले, नित्य मिस्साला जाणारे कॅथॉलिक गृहस्थ. एका पराभवावरून माणसाची किंमत करू नये, हे त्यांनी कृतीने दाखविले. त्या वर्षी पाचव्याच सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याचा पाय मोडला. ३८ वर्षांचा मोरॉल उतरला. तो सामना, पुढील सर्व नऊ सामने व बाद फेरीचा पहिला सामनाही संघाने जिंकला. मायामीने त्या हंगामात १७ पैकी १७ सामने जिंकले. असा पराक्रम त्या लीगमध्ये अद्याप दुसऱ्या कोणास साधलेला नाही.

परंतु आम्हांस मोरॉलचा मोठेपणा दिसतो तो याच्याही पुढच्या प्रसंगी. उपान्त्य सामन्यात मध्यंतराला ७-७ अशी बरोबरी असता शुलांनी बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरविले, आणि अंतिम सामनाही त्यालाच दिला. ज्याने दोन महिन्यांहून अधिक काळ गाडा ओढला, तो शेवटच्या दिवशी कडेला उभा राहिला. त्याने संघात दुही माजू दिली नाही. बोलाविल्यावर पुढे येणे अनेकांस जमते. सांगितल्यावर मागे सरणे मात्र फार थोड्यांस. राखीव माणसाची तिसरी व सर्वांत कठीण कसोटी ती हीच.

ही कसोटी उलट बाजूनेही लागते. २००१ मध्ये न्यू इंग्लंड संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जायबंदी झाला व टॉम ब्रेडी या तरुणाने त्याची जागा घेतली. ब्लेडसो बरा झाला, परंतु जागा परत मिळाली नाही. कालचा मुख्य आज राखीव झाला. त्याला दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? तरी २००२ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा चार महिने न खेळलेला ब्लेडसो तयार होता. त्याने येताच गुण मिळवून दिले, आणि संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

निवडणाऱ्यांच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. नव्याने उतरलेल्या माणसाने पहिल्याची हुबेहूब प्रतिमा व्हावे, असा हट्ट धरू नये. २०१७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाचा कार्सन वेंट्झ गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला निक फोल्स हा वर्षभरापूर्वी खेळ सोडून देण्याच्या विचारात होता. प्रशिक्षकांनी त्याला जे चांगले साधते ते डाव निवडले. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याने ब्रेडीच्या संघाला ४१-३३ असे हरविले व तोच त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

धर्मग्रंथाच्या वाचकाला हे सारे वाचताना प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा पेत्राने सुमारे १२० बंधुजनांसमोर निवडीची कसोटी ठेवली. वक्तृत्व मागितले नाही, कुळ मागितले नाही. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सतत सोबत होता, असा माणूस हवा, एवढेच सांगितले. म्हणजे बारांत नाव नसतानाही जो त्या सर्व वाटा चालला, सर्व काही ऐकत व पाहत राहिला, तो. असे दोघे निघाले. चिठ्ठी मथियाच्या नावाची निघाली, आणि १४ मे रोजी ख्रिस्तसभा त्याचा सण पाळते. दुसरा, योसेफ बर्सब्बा, याचीही लायकी तितकीच होती. त्याने कुरकुर केल्याची नोंद नाही. अशा माणसांच्या बळावर आरंभीची ख्रिस्तसभा उभी होती.

आता आपल्या धर्मग्रामांकडे पाहावे. पेटी वाजविणारा एकच. तो आजारी पडला की रविवारचे गायन मुके होते. धर्मशिक्षण देणारी बाई लग्न होऊन परगावी गेली की वर्ग महिनोन्महिने बंद. वाड्यावर जपमाळ सांगणाऱ्या आजीबाई देवाघरी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ती प्रार्थनाही गेली. घराघरांतही तेच. जमिनीचे कागद कोठे आहेत हे केवळ बापाला ठाऊक, आणि बाप इस्पितळात. मग आपण म्हणतो, पुढची पिढी पुढे येत नाही. परंतु ज्याला कधी सरावाची पाळीच दिली नाही, तो अडचणीच्या दिवशी कसा उभा राहणार?

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. महिन्यातील एका रविवारी वाचन, गायन व धर्मशिक्षण ही कामे दुसऱ्या फळीच्या माणसांकडे द्यावीत, आणि त्या दिवशी नेहमीच्या माणसांनी शेजारी बसून त्यांना साहाय्य करावे. वाचताना एखादा शब्द अडखळेल, एखादा सूर चुकेल. कोणी हसू नये. घरीही एखाद्या संध्याकाळी जपमाळ झाल्यावर धाकट्यांना जवळ बसवून कागदपत्रे, देणी-घेणी व शेताच्या सीमा समजावून सांगाव्यात. या कामास कर्त्या माणसाच्या आजारपणाची वाट पाहू नये.